सहादेव सातपुत्याचं माप

मिरजगावच्या एसटी स्टँडसमोर, रस्त्याच्या पलीकडे सहादेव सातपुत्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रा, डोक्यावर पत्रा आणि चौथ्या बाजूला सगळं गाव. सहादेव पोत्यावर बसायचा, त्यामुळे त्याच्या नजरेच्या टप्प्यात माणसं गुडघ्यापासून खालीच यायची. नगरची गाडी येऊन थांबली की उतरणाऱ्यांची पायताणं तो एकामागून एक न्याहाळायचा, आणि मग तोंडं बघायची त्याला फारशी गरज वाटायची नाही.

बघून झालं की तो बाजूला थुंकायचा. तंबाखू त्याने जन्मात खाल्ली नव्हती. थुंकायचा तो नुसता मतापोटी.

नव्वद सालानंतर या थुंकण्याला ऊत आला. आठवडे बाजारात रेक्झिनचे बूट ढिगाने यायला लागले होते. नवरदेवाच्या पायात अक्षता पडेपर्यंत चकचकीत असलेला बूट वरात निघेपर्यंत तोंड वासायचा. कॉलेजच्या पोरांच्या पायात पांढरे, फुगलेले बूट असत, कणकेच्या गोळ्यात पाय रोवल्यासारखे. ग्रामसेवकाने पुण्याहून आणलेला जोडा इतका निमुळता होता की त्यात त्याची बोटं एकमेकांच्या मांडीवर बसत असावीत, असं सहादेवचं म्हणणं होतं. असला माल दुरुस्तीला आला तर तो हातात घ्यायचा नाही. कातडं कापायच्या रापीच्या टोकाने उलटा करायचा, तळ बघायचा आणि सांगायचा, "हे शिवत न्हाईत. पुरत्यात."

त्याची बायको साळूबाई दुपारची भाकरी घेऊन यायची तेव्हा हे हमखास कानावर पडायचं. ती म्हणायची, तुमच्या तोंडानं गिऱ्हाईक जातंय आन् हातानं येतंय, हात दोन हायेत म्हणून भागतंय.

हात मात्र खरेच होते. सहादेवचा बाप गावाच्या वहाणा शिवायचा. पाटलाच्या ओट्याखाली बसायचा, वरून पाय खाली सोडला जायचा, आणि तो पाय मांडीवर घेऊन बाप माप घ्यायचा. सहादेवने हे लहानपणी रोज पाहिलं होतं. पाय सोडणारा माणूस बापाकडे कधी बघायचा नाही, एखाद्या पाटावर पाय ठेवावा तसा ठेवायचा. सोळाव्या वर्षी सहादेव घरातून निघाला तो नगरच्या शेजारी भिंगारला गेला. तिथे रंगनाथ मिस्त्री नावाचा म्हातारा कारागीर लष्करातल्या अधिकाऱ्यांचे घोड्यावर बसायचे बूट शिवायचा. सहादेव त्याच्या हाताखाली अकरा वर्षं राहिला.

रंगनाथ मिस्त्री शिकवायचा कमी आणि मोडायचा जास्त. शिवलेला तळ पसंत पडला नाही, की सगळे टाके उसवून पुढ्यात टाकायचा. त्याचं सांगणं होतं, की माणसाचे दोन पाय म्हणजे जावा-जावा. एका घरात राहतात म्हणून एकसारख्या असतील असं समजू नये. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्यायचं, दोन्हींचा पावलासारखा लाकडी फर्मा वेगळा कोरायचा, आणि बूट असा करायचा की तो पायाशी बोलला नाही पाहिजे. टाच बोलली, करंगळी बोलली, तर तो बूट नव्हे, भांडण.

तिथला एक जोड सहादेवच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असायचा. एका अधिकाऱ्याने मापं दिली आणि बूट व्हायच्या आत त्याची बदली झाली. तो जोड मिस्त्रीने सहादेवला देऊन टाकला होता. गुडघ्यापर्यंतचा, तांबूस काळा. पोटरीचं कातडं एकसंध, जोड फक्त मागच्या अंगाला, आणि तोही बोट फिरवल्याशिवाय कळायचा नाही. इंचाला बारा टाके, मेण चोळलेल्या दोऱ्याचे, एकही तिरका नाही. पंचवीस वर्षं होऊन गेली तरी घोट्याजवळ कातड्याला चीर नव्हती, नुसती सायीसारखी घडी होती. हाडाने घासून आणलेली चकाकी पॉलिशवाल्यांना साधणारी नव्हती. गावातली माणसं यायची, बुटाकडे बघायची आणि विचारायची, सर्कशीतला हाय का? सहादेव उत्तर द्यायचा नाही. असल्यांना उत्तर देणं म्हणजे गाढवाला गूळ चारणं, असं त्याचं मत.

मिस्त्री वारला, कारखान्यातले बूट आले, भिंगारचं काम आटलं, तेव्हा सहादेव मिरजगावला परत आला. वहाणा, चपला, कधीमधी एखादा बूट. त्याचा मुलगा गोरक्ष भोसरीला कंपनीत लागला होता. तो सणाला यायचा तेव्हा पायात पांढरे फुगलेलेच असायचे, आणि बापाच्या दुकानाकडे तो फिरकायचा नाही. बापाचं काम त्याला नको होतं, त्या कामाचा वासही नको होता. सहादेवला ते कळायचं. मुलाच्या बुटाचा तळ मात्र त्याने एकदा गुपचूप उलटा करून पाहिला होता आणि अंगणातल्या तुळशीकडे पाठ करून थुंकला होता.

शहाण्णव सालच्या जानेवारीत शुभांगी भिंगारदिवे त्याच्या दुकानात आली. गावातल्याच महेंद्र भिंगारदिवेची मुलगी. महेंद्र एसटीत कंडक्टर होता, मुलगी डी.एड. होऊन नुकतीच माळवस्तीवरच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक आणि आखूड. चालताना डावा हात गुडघ्यावर दाबायची आणि पाऊल पुढे टाकायची.

तिने पिशवीतून एक बूट काढला. दिवाळीआधी श्रीमंतराव ढग्यांच्या प्रतिष्ठानाने अपंगांसाठी शिबिर भरवलं होतं, त्यात मिळालेला. श्रीमंतराव हे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. प्रतिष्ठान त्यांच्या वडलांच्या नावाचं, पण बुटाच्या खोक्यावर फोटो त्यांचा स्वतःचा होता. बुटाच्या टाचेचा ठोकळा सुटला होता. एवढं शिवून द्या, म्हणाली.

सहादेवने बूट रापीने उलटा केला. मग न विचारता रापी आत घातली आणि तळ उभा चिरला. आतून पुठ्ठा निघाला. साबणाच्या खोक्याचा, साबणाचं अर्धं नाव वाचता येत होतं. त्याने तो पुठ्ठा दोन बोटांत धरून स्टँडवरच्या माणसांना दिसेल असा वर केला आणि श्रीमंतरावांच्या वडलांचं नाव घेऊन काही बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माणसं हसली. शुभांगी हसली नाही. तिने विचारलं, "फाडलात. आता उद्या शाळेत मी काय घालू?"

मी करून देतो, सहादेव म्हणाला. पैशाचं तिने काढलं, तर त्याने ते हातानेच उडवून लावलं.

माप त्याने तिथेच घेतलं, भर रस्त्यावर. कागदावर पाऊल ठेवायला लावलं, पेन्सिल फिरवली, कागदाच्या पट्ट्या करून सात ठिकाणी गुंडाळल्या. स्टँडवरची माणसं तिच्या बारीक पायाकडे बघत होती आणि ती साडीचा काठ घट्ट धरून दुकानाच्या पत्र्याकडे बघत होती. हे सहादेवच्या ध्यानात आलं नाही. तिने सांगायला सुरुवात केली, की संध्याकाळी कंबर धरते, उतारावर पाय अडकतो. तो म्हणाला, हालू नका.

वीस दिवस तो त्या बुटांच्या मागे होता. नगरला जाऊन कातडं निवडून आणलं. बाभळीचे दोन फर्मे कोरले, डाव्याचे बोटाबोटाचे उंचवटे उतरवून. दुसरं काम घेतलं नाही; चपलेचा अंगठा तुटलेल्या बायकांना त्याने खुशाल अनवाणी परत पाठवलं. डावा पाय दोन इंच आखूड होता, त्याने दोन इंचाचा तळ दिला, कातड्यावर कातडं चिकटवून, शिवून, कडेने एकजीव घासून. घोट्यापर्यंतचा तांबडा बूट झाला. इंचाला बारा टाके. तयार झाला तेव्हा त्याने तो खिळ्यावरच्या जोडाशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत बसला. भिंगार सोडल्यापासून बूट म्हणावा असा हा पहिलाच.

शुभांगी आली, तिने घातले, दुकानापासून स्टँडपर्यंत चालली. माणसं वा-वा म्हणाली. सहादेवने मान डोलावली. तो बुटांकडे बघत होता. वर त्याने पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी ती परत आली. पायात जुनी चप्पल होती आणि बूट कापडी पिशवीत.

"बूट सुंदर आहे, मामा," ती म्हणाली. "ठेवून बघायला. चालता येत नाही."

सहादेवच्या डोक्यात सणक गेली. त्याने पट्ट्या काढल्या, फर्मा काढला, सगळं पुढ्यात मांडलं. दोन इंच कमी तिथे दोन इंच दिलेत, सुताचा फरक न्हाई. माप चुकलेलं न्हाई. चालणं चुकतंय तुमचं. पायाला सवय न्हाई.

तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "शिबिरातले साहेबही हेच म्हणाले होते," ती म्हणाली. पिशवी फळीवर ठेवली आणि चप्पल फरपटत निघून गेली.

दोन दिवस सहादेव कुणाशी सरळ बोलला नाही. आधी त्याने तिला नावं ठेवली. चार बुकं शिकली की माणसाला वाटतं आपल्याला कातड्यातलंही कळतं. मग त्याने बूट पुन्हा तपासला. त्यात खोट नव्हती. हीच त्याला टोचणी होती. बुटात खोट असती तर उसवून शिवता आला असता. साळूबाईने भाकरी ठेवताना विचारलं, पोरीनं नेमकं काय सांगितलं हुतं, कुठं दुखतंय म्हनून? सहादेवला आठवेना. आठवायला त्याने ते ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या सकाळी तो दुकान न उघडता माळवस्तीच्या रस्त्याला लागला. शुभांगी पुढे चालली होती. तो पन्नास पावलं मागे राहून बघू लागला. आयुष्यभर त्याने पाय पाहिले होते, पण ते थांबलेले. गाडीतून उतरताना, फळीवर, कागदावर. चालणाऱ्या माणसाच्या मागे तो कधी गेला नव्हता. आता त्याला दिसलं, की ती डावा पाय गुडघ्यातून उचलतच नाही. कंबरेतून अख्खा पाय फेकते, आणि फेकताना पुढचं टोक जमिनीला घासतं. अशा पायात त्याने जड कातड्याचा दोन इंची ठोकळा बांधला होता. घासणारं टोक आणखी खाली आणलं होतं. पोरीच्या पायात बेडी घालून तिला पळायला सांगितलं होतं, आणि वर ती पळत नाही म्हणून चिडलाही होता.

ओढ्याच्या उताराला तिने मागे वळून पाहिलं. "मामा, मागं मागं चालू नका," ती म्हणाली. "बरोबर चला."

दोघं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले. सहादेवने खाली बघतच विचारलं, "कुठं दुखतंय?"

त्याच्या अडतीस वर्षांच्या कामात त्याने हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारलं. ती पंधरा मिनिटं सांगत होती. घोट्याच्या आतल्या बाजूला काय होतं, चढावर काय होतं, संध्याकाळी फळ्यापुढे उभं राहताना कंबर कुठे धरते. लहानपणापासून सगळ्यांनी तिच्या पायाबद्दल तिला सांगितलं होतं, ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं, असं ती म्हणाली. म्हणाली तीही जरा तुच्छतेनेच, जसं वर्गातल्या ढ पोराशी बोलावं. सहादेवने ते गिळलं. मग तिला त्याने पुढे-मागे चालायला लावलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी एक सायकलवाला येताना दिसला तेव्हा त्याने तिला थांबवलं, आणि सायकल दिसेनाशी होईपर्यंत दोघं पिकाकडे बघत राहिले.

दुसऱ्या जोडाला महिना लागला. या खेपेला दोन इंच नाही, सव्वा इंचच उंची दिली. पाय थोडा आखूड ठेवला तरच फेकताना जमिनीवरून सुटणार होता. तळाच्या पोटात कातड्याऐवजी पांगाऱ्याचं लाकूड घातलं. पांगारा हलका, पोहायला शिकताना पाठीला बांधायच्या बेंडाला वापरतात तो, पाण्यावर तरंगणारा. पुढचं टोक बैलगाडीच्या चाकाच्या गोलाईसारखं वर उचललं, म्हणजे ते घासणार नाही, गडगडेल. घोट्याच्या आतल्या बाजूला मऊ मेंढीचं कातडं. तीनदा त्याने तिला अर्धवट बूट घालून चालायला लावलं, आणि तिन्ही वेळा दुकानापुढे पोत्याचा पडदा सोडला.

बूट पहिल्यासारखा देखणा झाला नाही. डाव्याचं टोक वर आलेलं, उजव्याचं सरळ. शेजारी ठेवले तर जोड वाटायचा नाही. स्टँडवर एकाने म्हटलंच, पयला बरा हुता. सहादेवने त्याच्या पायातल्या सँडलकडे एक नजर टाकली आणि त्या माणसाने पाय मागे ओढला.

शुभांगीचं लंगडणं गेलं नाही. जाणारही नव्हतं. पण गुडघ्यावरचा हात सुटला. महिनाभराने ती माळवस्तीकडे जाताना लोकांना दिसली तेव्हा तिच्या एका हातात वह्यांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्यात उन्हाची छत्री.

हे श्रीमंतराव ढग्यांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. एप्रिलमध्ये त्यांची जीप दुकानापुढे थांबली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, साहेब बोलावतायत. सहादेव म्हणाला, मला उठता येत न्हाई, मांडीवर काम हाय. मग साहेब स्वतः उतरले.

श्रीमंतराव गोड बोलणारे. सातपुते, तुमी गावाचं नाव काढलंत, अशी त्यांनी सुरुवात केली. पंधरा मेला प्रतिष्ठानाचं दुसरं शिबिर आहे, पोरांसाठी साठ जोड लागतील, सगळं काम तुम्हालाच द्यायचं ठरवलंय. सहादेवने विचारलं, पोरं कधी बघायला मिळतील? पोरं शिबिराच्या दिवशीच येणार, श्रीमंतराव म्हणाले. मापाचं काय एवढं, लहान, मध्यम आणि मोठं असं करा. आणि त्या भिंगारदिवे बाईंना आम्ही स्टेजवर बसवणार आहोत. प्रतिष्ठानाच्या बुटाने काय फरक पडतो, ते लोकांना दिसलं पाहिजे.

सहादेव त्यांच्या बुटांकडे बघत होता. तपकिरी, पातळ कातड्याचे, भारीतले. आणि श्रीमंतराव बोलताना सारखे वजन डाव्या पायावर घेत होते.

"उजवा काढा," सहादेव म्हणाला.

श्रीमंतरावांना वाटलं, आपलंही माप घेतोय. खूश होऊन त्यांनी बूट काढला, मोजा काढला. करंगळीवर कुरूप होतं, त्यावर पट्टी, पट्टीवर वाळलेलं रक्त. पाच-सहा माणसं भोवती जमली होती, त्यांनीही पाहिलं.

"सोताचा पाय रोज सोलून निघतोय, तरी बूट भारीतला म्हनून घालून हिंडताय," सहादेव म्हणाला. "तुमाला तुमचं दुखनं कळंना. साठ पोरांचं काय कळनार? उचला हे."

कुणी हसलं नाही. जमलेल्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. श्रीमंतराव बूट चढवायला लागले, पण मोकळा झालेला पाय आत जाईना. उभ्याने जमेना. शेवटी ते सहादेवच्या पोत्याच्या कडेवर टेकले, खाली वाकले आणि तोंड लाल होईपर्यंत नाडीशी झटले. सहादेवने रापी पुसली आणि पुढचं काम ओढलं. त्या माणसाचा त्याला राग आला नव्हता. रागासाठी समोर काहीतरी भरीव लागतं. हा आतून पुठ्ठा होता.

शुभांगीला स्टेजचं बोलावणं आलं. तिने कळवलं, त्या दिवशी मी बाहेरगावी आहे. महेंद्रने तिला समजावून पाहिलं, मोठ्या माणसाशी वाकडं घेऊ नये. ती म्हणाली, मी वाकडं घेत नाही, मी फक्त जात नाही.

शिबिर झालं. सहादेवही तिथे गेला. बघायला नव्हे, थुंकायला, असं तो साळूबाईला सांगून गेला. मंडपात पंखे होते, हार होते. श्रीमंतरावांनी माईकवरून एका शिक्षिकेची गोष्ट सांगितली, जी प्रतिष्ठानाच्या बुटामुळे आता दोन्ही हात मोकळे ठेवून चालते. नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. सहादेव उठून बाहेर आला.

बाहेर लिंबाखाली बूट मिळालेली माणसं बसली होती. काष्टीची बनुबाई नावाची एक म्हातारी नातीच्या बुटात चिंध्या कोंबत होती. बूट मोठा, पाय लहान, नात रडत होती. सहादेवने तो बूट म्हातारीच्या हातातून हिसकावून घेतला, वाकवून बघितला आणि सवयीप्रमाणे बोलायला तोंड उघडलं. म्हातारी घाबरून म्हणाली, फुकट मिळालाय दादा, नावं ठिवू नका. तोंडात आलेलं त्याने परत आत घेतलं. नातीला विचारलं, कुठं टोचतंय? मग शिबिराची हस्तपत्रिका मागितली, उलटी केली आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या पोरीचं पाऊल काढलं.

दिवस मावळेपर्यंत त्याच्याकडे नऊ पावलं झाली होती. नऊ कागद, पुढच्या बाजूला श्रीमंतराव हसतायत, मागच्या बाजूला पाय. त्याने प्रत्येकाला सांगितलं, वेळ लागेल, लवकर पायजे असेल तर आत मंडपात ढीग पडलाय.

जूनमध्ये शुभांगीची बदली झाली. जामखेडच्या पलीकडे, बालाघाटाच्या कुशीतल्या वस्तीवर, फाट्यापासून चार किलोमीटर आत. बदली का झाली हे कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि कुणाला विचारायची गरजही नव्हती. महेंद्र दुकानात आला, उभाच राहिला. "सातपुते, तुमचा बूट पोरीला लई म्हागात पडला," तो म्हणाला.

सहादेवने हातातली रापी खाली ठेवली. सहादेवला वाटलं, याने आपल्याला शिव्या तरी द्याव्यात. तो तसाच निघून गेला. श्रीमंतरावाला पोत्यावर बसवलं त्याची मजा सहादेवने घेतली होती, आणि किंमत चार किलोमीटर चालून ती पोर देणार होती. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यात तो स्टँडकडे पाठ करून बसला.

शुभांगी जायच्या आधी आली, तेव्हा त्याने काहीतरी बोलायची जुळवाजुळव केली होती. तिने ऐकून घेतलं नाही. तिथला रस्ता खडीचा आहे, म्हणाली, तळाला एक थर वाढवा, पण वजन वाढू देऊ नका. मग तीच पोत्याचा पडदा सोडून बसली आणि त्याच्या हातात डावा बूट दिला.

पुढची तीन वर्षं सहादेवकडे अशी पावलं येत राहिली. सगळे बूट जमले नाहीत. दोन पोरांना त्याला काही करता आलं नाही, आणि ते त्याने त्यांच्या आईबापांना तोंडावर सांगितलं. त्याच्या रीतीत तेवढा बदल झाला होता, की बोलायच्या आधी तो पडदा सोडायचा. स्वभाव काही बदलला नाही. पॉलिशवाल्यांना, नवरदेवांना, पुढाऱ्यांना, भोसरीच्या कंपन्यांना तो तितक्याच मनापासून हिणवायचा. गोरक्ष एकदा सुट्टीत येऊन दुकानाच्या कडेला उभा राहिला, एका पोराला चालताना बघत. आत बसला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला. काम शिकायला कुणी आलं नाही. सहादेव म्हणायचा, आलं असतं तरी हाकललं असतं. साळूबाईला ते खोटं वाटायचं.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एक माणूस लांब राहात्याहून आला. एम-एटीवर, अंगभर धूळ. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, मिरजगावला वाकड्या पायाचे बूट होतात. त्याने पिशवीतून पोरीचा जुना बूट काढून फळीवर ठेवला. याच मापाचा करा, म्हणाला.

सहादेवने बुटाला हात लावला नाही. "पोरगी कुठंय?"

घरी, तो म्हणाला. लांबचा पल्ला, ऊन फार, म्हणून आणली नाही.

सहादेवने त्याला त्याच्या अकलेपासून त्याच्या गाडीपर्यंत सगळ्यावरून झापलं, आणि आलास तसा जा म्हणून सांगितलं. साळूबाईने त्या माणसाला पाणी दिलं, भाकरी दिली. तो जेवला आणि गेला. संध्याकाळी ती म्हणाली, आता तो कशाला येतोय परत. सहादेव म्हणाला, न येऊ दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एम-एटी परत आली. मागे सात वर्षांची पोर, टॉवेलने बापाच्या पाठीशी बांधलेली, उन्हाने लाल झालेली. सहादेवने पोत्याचा पडदा सोडला, तिला आधी माठातलं पाणी पाजलं, आणि मग तिचा हात धरून म्हणाला, चल, चालून दाखीव.

पोरगी तीन पावलं चालली, थांबली आणि त्याच्याकडे बघू लागली. तो खाली वाकून बघत होता.

"आनखी," तो म्हणाला. "घाई न्हाई."